मुद्दाम घालवलेली लाइट

मर्ल पायबस आणि तिची मुलगी रोवीना यांच्या पैजेत पंच म्हणून मला बसवलं ते माझ्याच दुकानात. ब्रॅकन मार्शमध्ये दुकान एकच, पेट्रोलचा पंपही तिथेच, त्यामुळे गावातली बहुतेक भांडणं माझ्या काउंटरसमोर होतात. त्या दिवशी मायलेकी दूध घ्यायला आल्या होत्या आणि गाडीत सुरू झालेलं भांडण तसंच दुकानात घेऊन आल्या.

"नोरीन, तूच सांग हिला," रोवीना म्हणाली. "शहात्तर वर्षांची बाई एकटी राहते डोंगरावर. मागच्या हिवाळ्यात मी हिला कुठल्या अवस्थेत उचलून नेलं, तू बघितलंस ना?"

बघितलं होतं. त्या वेळी तारांवर बर्फ चढला आणि सगळ्या पठाराची लाइट गेली, ती तीन दिवस. मर्लचा नवरा क्लाइव्ह वारण्याआधी एक काम करून गेला होता. घरातली लोखंडी शेगडी काढून त्याने भिंतीवर गरम हवा देणारा एसी बसवला होता, बायकोला म्हातारपणी लाकडं वाहायला लागू नयेत म्हणून. हेतू चांगलाच होता. पण लाइट नसली की एसी म्हणजे भिंतीवर टांगलेलं रिकामं खोकं. रोवीना बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग खालच्या होबार्ट शहरातून वर आली, तेव्हा मर्ल पलंगावर दोन कोट आणि क्लाइव्हची मासेमारीची कमरेपर्यंतची रबरी विजार घालून पडली होती. पायाची बोटं निळी, आणि बोलणं दारू प्यायल्यासारखं जड. नंतर ती काही दिवस हॉस्पिटलात होती. तेव्हापासून रोवीनाने होबार्टमध्ये म्हाताऱ्यांच्या वसाहतीतलं एक युनिट, एका खोलीचं घर, हेरून ठेवलं होतं.

"थंडी गावाची नव्हती, त्या खोक्याची होती," मर्ल म्हणाली. "शेगडी अजून शेडमध्ये आहे. परत बसवते."

"आणि दिवे? फोन? मी छतावरची सोलर पॅनेलं आणि भिंतीवरच्या मोठ्या बॅटऱ्या विचारून आले, आई. त्या किमतीत नवी गाडी येते."

"मला कुठे आख्खं घर उजळायचंय? मी काय थिएटर चालवतेय? एक खोली गरम, एक दिवा आणि चहा. बास."

"बोलायला सोपंय. करून दाखव."

"दाखवते."

हे इतकं पटकन झालं की मला दुधाचे पैसेही मागता आले नाहीत. ठरलं ते असं : जूनच्या, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यातल्या, लाँग वीकेंडला मर्लच्या घराचा मेन स्विच बंद करायचा. शनिवार सकाळ ते सोमवार सकाळ. मर्ल टिकली तर रोवीना युनिटचं नाव काढणार नाही. नाही टिकली तर मर्लने कुरकुर न करता होबार्टला जायचं. रोवीना घरात राहणार, पण मदतीला बोटही लावणार नाही.

"आणि नोरीन पंच," मर्ल म्हणाली.

"मी कशाला?"

"कारण तू आम्हा दोघींवर सारखीच वैतागलेली असतेस."



मर्ल कामाला लागली. खालच्या बॉथवेल गावचा परवानाधारक माणूस येऊन शेगडी आणि धुराडं बसवून गेला. क्लाइव्हच्या कॅरॅव्हॅनमधली बॅटरी निघाली, तिला जोडायला कुणाकडून तरी वापरलेला छोटा इन्व्हर्टर मिळाला. लाकडं आली. एक दिवस शेगडी पेटवून बघितली, तर शेजारच्या टामसिनने गावाच्या फेसबुक पानावर लिहिलं की काही लोकांच्या धुरामुळे बाळाच्या लंगोट्यांना वास येतो. टामसिन आणि तिचा नवरा कॅलम ब्रिस्बेनहून इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. घर नवं, सगळं विजेवर, धुराडं नाहीच.

"काही लोक!" मर्ल माझ्याकडे येऊन म्हणाली. "नाव घ्यायची हिंमत नाही बाईला. डोंगरावर राहायला यायचं आणि धूर नको! समुद्रावर जा आणि म्हण पाणी नको."

शनिवारी सकाळी मी जाऊन मेन स्विच खाली ओढला. फ्रिज घुर्र करून थांबला आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं.

पहिला फटका दात घासताना बसला. मर्ल नळाखाली ब्रश धरून उभी, आणि नळातून नुसता एक उसासा आला. पाणी टाकीतच होतं, पण घरात आणणारा पंप विजेवरचा. मागच्या हिवाळ्यातही हेच झालं असणार, पण तेव्हा तिला थंडीपुढे काही सुचतच नव्हतं. फेस भरल्या तोंडाने तिने माझ्याकडे बघितलं. मी पंच, मी छताकडे बघितलं. शेवटी ती बादली घेऊन बाहेर टाकीच्या तोटीशी गेली. तिथे रात्रीचं दव गोठून तोटी घट्ट बसलेली.

दुसरा फटका लाकडांचा. देणाऱ्याने वाळलेली म्हणून दिली होती, पण आतून ओली निघाली. शेगडी फुसफुसत राहिली, खोलीभर धूर झाला, आणि आम्ही तिघी खिडक्या उघडून थंडीत डोळे पुसत बसलो. रोवीना एक शब्द बोलली नाही. ते तिला किती जड जात होतं ते तिच्या जबड्यावरून दिसत होतं.

संध्याकाळी मर्लने विजेची किटली इन्व्हर्टरला लावली. तो किंचाळला, लाल दिवा लुकलुकला आणि गप्प झाला. पुन्हा काही तो उठला नाही.

"किटली नाही लावायची का?" मर्लने विचारलं.

"मी पंच आहे, मेकॅनिक नाही," मी म्हणाले.

रविवारी सकाळी मी पुन्हा गेले, तेव्हा मर्ल खुशीत होती. तिला टोस्टची युक्ती सुचली होती. बाहेर वारा फार, म्हणून तिने कोळशाचं छोटं बार्बेक्यू कपडे धुण्याच्या खोलीत आणून ठेवलं होतं, दार लावून. शेगडीपेक्षा तिथेच ऊब जास्त होती, म्हणून आम्ही दोघी तिथेच स्टुलांवर बसलो. टोस्ट खाल्ले, क्लाइव्हबद्दल बोललो. माझं डोकं दुखायला लागलं. मला वाटलं, कालचा धूर. मग मर्ल एक वाक्य अर्ध्यावर सोडून भिंतीला टेकली आणि मला वाटलं, म्हातारी दमली. उठायला गेले तर पाय माझे नव्हतेच.

दार धाडकन उघडलं. रोवीनाने आधी आईला काखेत धरून ओढत बाहेर नेलं, मग मला. गवतावर बर्फाची साय होती, त्यावर आम्हाला आडवं टाकलं. मी ओकले. मर्लही ओकली. रोवीना आमच्या डोक्यावर उभी राहून ओरडत होती, "कोळसा! बंद खोलीत! मराल की गं दोघी! वास येत नाही त्या विषाला, कळत नाही माणसाला!"

"तू मदत केलीस," मर्ल गवतावरून पुटपुटली. "नियम मोडला."

"खड्ड्यात गेला नियम!"

बॉथवेलच्या नर्सने दोघींना तपासलं, बराच वेळ ऑक्सिजन लावून बसवलं आणि जे सुनावायचं ते सुनावलं. मेन स्विच रोवीनाने स्वतः वर केला. पंच म्हणून मी काही निकाल द्यायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी पाव घेऊन गेले, तर मर्ल टेबलावर कपबशा मांडून बसली होती. वर्तमानपत्रात गुंडाळत होती.

"हा निळा जग तुला," ती म्हणाली. "युनिटमध्ये एकच कपाट आहे म्हणे. हरले तर हरले. मी शब्द मोडणारी नाही."

आवाज अगदी साधा होता. रडणं नाही, टोमणा नाही. मर्लला भांडताना मी आयुष्यभर बघितलं होतं, अशी कधी बघितली नव्हती. रोवीना दारात उभी होती, अंघोळ झालेली, केस ओले. आईच्या हातांकडे बघत होती.

"ठेव ते," ती म्हणाली.

"का? तूच तर म्हणालीस..."

"मी जिंकेन म्हणाले होते. जिंकून बरं वाटेल असं कुठे म्हणाले होते?" ती खुर्ची ओढून बसली. "दोन दिवस मी गप्प बसून बघत होते, आई. ती बादली, ती लाकडं. मला सारखं वाटत होतं, हिला नुसतं कुणीतरी सांगायला हवंय. आणि सांगणारी मी समोर बसलेय तोंड शिवून. ही कसली पैज? लाइट खरंच जाईल तेव्हा मी समोर नसणार. मग आधी तरी असायला नको?"

मर्लने गुंडाळलेला कप उलगडला. "मग?"

"मग पुन्हा करायचं. या वेळी मी तुझ्या बाजूने."

"आणि विरुद्ध बाजूला कोण?"

"थंडी," मी म्हणाले. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी पाव ठेवून निघाले.

त्यानंतर रोवीना दर शनिवारी वर यायला लागली. त्यांनी आख्ख्या घराचा नाद सोडला आणि फक्त स्वयंपाकघर धरलं, कारण ते लहान, छत बुटकं, शेगडीही तिथेच. मर्लचा पलंग आत आणला. पॅसेजच्या दाराला जुन्या ब्लँकेटांचा जाड पडदा, जमिनीपर्यंत लोळणारा. खिडक्यांना तसेच. ओली लाकडं वर्षभर वाळायला मागे रचली आणि खरोखर वाळलेली दुसरीकडून आणली, प्रत्येक ओंडका रोवीना दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकायची. टण् वाजला तर आत, थप् वाजला तर परत. बॅटरीला थेट लागणारे दोन छोटे दिवे आणि फोनची वायर, एवढंच जोडलं, आणि ती भरायला कॅरॅव्हॅनचंच जुनं पॅनेल शेडवर उताणं टाकलं. किटली शेगडीवर. पाण्याचे कॅन पॅसेजमध्ये. आणि त्या विषारी वायूचा अलार्म भिंतीवर, जो नुसता कांदा परतला तरी वाजेल अशी मर्लची खात्री होती. तो वाजला नाही.

जुलैत त्यांनी पुन्हा स्विच खाली ओढला. मी रविवारी दुपारी गेले, तर मर्ल बाह्या वर सारून वॉलबीचं, म्हणजे छोट्या कांगारूचं, कालवण ढवळत होती आणि रोवीना घामाघूम होऊन मोजे काढत होती. मी दोन ताटल्या खाल्ल्या आणि निकाल दिला.

ऑगस्टमध्ये खरं वादळ आलं. दुपारीच अंधारून आलं, वारा नैऋत्येचा, आणि रस्त्याच्या वळणावरची झाडं एकामागून एक आडवी झाली. लाइट गेली. फोनचा टॉवर थोडा वेळ टिकला, तेवढ्यात मर्लने रोवीनाला फोन लावला. मी तिच्या शेजारीच बसले होते.

"येऊ नकोस," मर्ल म्हणाली. "रस्त्यावर झाडं पडलीयेत."

पलीकडून बरंच काही ऐकू आलं.

"शेगडी पेटलीये. हो, अलार्म चालू आहे. पाणी आहे. अगं, आपण दोनदा केलंय हे, एकदा वाईट आणि एकदा चांगलं. आता..." आणि टॉवर गेला. मर्लने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. "आता झोप, म्हणणार होते तिला," ती म्हणाली.

दुकान थंडगार पडलं होतं, म्हणून मी मर्लकडेच राहिले. रात्रभर पडत राहिलेला बर्फ सकाळी थांबला होता, गुडघ्याएवढा साचलेला. मर्लने पडदा बाजूला करून शेजारी बघितलं. कॅलमच्या गॅरेजमधून जनरेटरचा घरघराट येत होता.

"त्यांच्याकडे आहे की सोय," मी म्हणाले.

"आवाज आतून येतोय," मर्ल म्हणाली, आणि बूट घालायला लागली.

माझा हात धरून ती त्या बर्फातून गेली. टामसिनने दार उघडलं. अंगावर गाउन, त्यावर रजई, कडेवर विनी. विनी आठ-नऊ महिन्यांची, एरवी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज, आज मान टाकून होती.

"त्या धुराच्या तक्रारीवरून भांडायला आलात?" टामसिन म्हणाली, पण आवाजात दम नव्हता. कपाळ दाबत होती.

"डोकं दुखतंय का तुझं?"

"झोप नाही झाली म्हणून."

"कॅलमचं?"

"त्याचंही. तो झोपलाय. का?"

मर्लने हात धरून तिला बाळासकट बाहेर बर्फात ओढलं आणि मला म्हणाली, "नोरीन, नवऱ्याला उठव. श्वास रोखून जा. खिडक्या उघड." मी गेले. घर आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच दार, त्याच्या फटीतून जनरेटरची वायर आत आलेली. कॅलमने गॅरेजचं मोठं दार हातभर उघडं ठेवलं होतं, पण रात्री बर्फाने ते बुजलं. मी त्याला हलवून उठवलं. धडपडत बाहेर आला, पायरीवर बसला आणि ओकला.

"मला वाटलं, बर्फात ठेवला तर बिघडेल," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "मला वाटलं, दार उघडं आहे."

"मला वाटलं, टोस्ट होतील," मर्ल म्हणाली. "जूनमध्ये मी हेच केलंय, कोळशाने. ही आणि मी त्या गवतावर पडलो होतो. विचार हिला."

टामसिन रडत होती. थंड हवेत विनीने डोळे उघडले, तोंड वाकडं केलं, आणि मग जी किंचाळली, तो आवाज मला कधी एवढा गोड वाटला नव्हता.

मर्ल टामसिनकडे वळली. "माझ्याकडे धूर आहे, ठाऊक आहे तुला. पण तो धुराड्यातून वर जातो. खाली नुसती ऊब राहते. बाळाला घे आणि चल."

टामसिन चालायला लागली. अर्ध्या वाटेत म्हणाली, "मी तुमच्याबद्दल तसं लिहायला नको होतं."

"नाव तर लिहिलंच नव्हतंस," मर्ल म्हणाली. "त्याचाच तर राग आला होता."

बर्फातून वाट काढत घरोघर चौकशी करत फिरणाऱ्या रेस्क्यूच्या माणसाने दुपारी तिघांना तपासलं. बाळ ठणठणीत होतं. कॅलमचं डोकं संध्याकाळपर्यंत ठणकलं, पण तो स्वस्थ बसेना. त्याने आणि त्या माणसाने मिळून जनरेटर उचलून माझ्या दुकानामागच्या, मर्लच्या कुंपणाला लागून असलेल्या उघड्या छपराखाली नेला, कुठल्याही खिडकीपासून लांब. तिथून लांब वायर टाकून माझा फ्रीजर वाचला, आणि दिवसातून थोडा वेळ मर्लच्या टाकीचा पंपही चालला. मर्लच्या नळाला पाणी आलं, तेव्हा टामसिनने हात धुताना डोळेच मिटून घेतले.

मग लोक येत राहिले. कुणी फोन भरायला, कुणी सूप गरम करायला, कुणी नुसतं बसायला. मर्लच्या त्या एका खोलीत पलंगावर, लाकडाच्या खोक्यांवर, जमिनीवर माणसं. कॅलम ओंडके आपटून बघायला शिकला. फ्रीजरमधलं जे टिकणार नव्हतं ते मी आणलं, आणि मर्लने सगळ्याचं एकच कालवण केलं. भोपळा, मटण, मटार, कुणाची तरी सॉसेजेस. वाईट लागत होतं, पण भांड्यात थेंब उरला नाही.

चौथ्या दिवशी रस्ता उघडला. दुपारी रोवीनाची गाडी आली. ती धावतच आत शिरली, पडदा ओढून काढल्यासारखा बाजूला केला आणि थांबली. समोर माणसंच माणसं, मध्ये आई, मांडीवर कुणाचं तरी बाळ.

"आई?"

"पडदा लाव, ऊब जाते," मर्ल म्हणाली.

रोवीनाने पडदा लावला. मग तिथेच, दाराला टेकून, ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. टॉवर गेल्यापासून तिच्या कानात ते अर्धं वाक्य होतं. आता, म्हणून आई थांबली. आता काय? चार दिवस ती तेवढंच ऐकत होती. डोळे सुजलेले, कालचेच कपडे.

मर्लने विनीला टामसिनकडे दिलं आणि उठली. लेकीच्या हाताला धरून तिला पलंगाशी नेलं, तिथे बसलेल्या दोघांना उठवलं, तिचे बूट काढले. गरम पाण्याची पिशवी पायाशी सरकवली.

"मी तुला न्यायला आले होते," रोवीना म्हणाली.

"हो, हो. आधी पड जरा."

"विचारणार होते तुला, की..."

"उठल्यावर विचार."

रोवीना भिंतीकडे वळून झोपली, इतक्या चटकन की पुढचा शब्द उशीतच राहिला. मर्लने तिच्या अंगावर रजई ओढली, आणखी एक टाकली, आणि मग खोलीभर बोट फिरवून सगळ्यांना दटावलं, "हळू बोला. माझी मुलगी झोपलीये." मी कोट घातला आणि दुकान उघडायला निघाले, कारण रस्ता उघडल्यावर दुधाची गाडी येणार होती.